बाकफीट्सला मोटर बसवायची आहे, कुणी बसवली आहे का?

लेंट (नायमेखन), २ जून

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सहा वर्षं जुनी, लांब, दोन चाकांची बाकफीट्स, म्हणजे पुढे पेटी असलेली सायकल, आहे. मोठी साडेतीन वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. दोघांना पेटीत बसवून मी रोज स्नेलबिंडर पुलावरून वाल नदी ओलांडते, शहराच्या चढाने हेयनदालला पाळणाघर गाठते आणि तिथून पुढे कामाला जाते. हॉलंड सपाट आहे असं सांगणाऱ्यांनी एकदा नायमेखनला यावं! धाकटा अंगाने भरल्यापासून चढावर मला उतरून गाडी ढकलावी लागते. परवा लेकीने विचारलं, "आई, आज पण ढकलायची?"

नवी इलेक्ट्रिक घ्यायची तर फार महाग पडते, आणि या गाडीत जीव अडकलाय. हिलाच मोटर बसवता येईल का? पुढच्या चाकात बसवावी की पेडलपाशी? ऑनलाइन ७५० वॉटचा संच फारसा महाग दिसत नाही. तोच घेऊ का?

---

आइंडहोव्हन, २ जून

ताई, ७५० वॉटचा घेऊ नका. पैशांसाठी सांगत नाही, कायद्यासाठी सांगतो. युरोपात मोटरची सततची शक्ती २५० वॉटपर्यंत, पेडल मारलं तरच मदत, आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, एवढं पाळलं तर गाडी सायकल राहते. त्यापुढे ती मोपेडच्या वर्गात जाते. मग मान्यता, विमा, नंबरप्लेट हे सगळं आलं, आणि घरी बदललेल्या सायकलला ती मान्यता मिळवणं तुमच्या-आमच्या आवाक्यातलं नाही. कुणाला धक्का लागला तर घरची दायित्व विमा पॉलिसी मोटरवाहनाचं नुकसान सहसा भरत नाही. पेटीत लेकरं आहेत, तेव्हा इथे धोका पत्करू नये.

शिवाय तेवढ्या शक्तीची गरजही नाही. तुमची गाडी ४५ किलो, तुम्ही, दोन मुलं, दप्तरं, डबे धरून दीडशे किलो समजू. चार टक्के चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ६० न्यूटन आणि टायरच्या घर्षणाला १५ न्यूटन, म्हणजे एकूण ७५ न्यूटन जोर लागतो. साधारण निरोगी माणूस न थकता शंभरेक वॉट देतं. तेवढ्यात ताशी ५ किलोमीटर वेग मिळतो. हा चालण्याचा वेग झाला, आणि त्या वेगाला लांब बाकफीट्सचा तोल राहत नाही. म्हणून तुम्ही उतरता, त्यात तुमच्या पायांचा दोष नाही. तोच चढ ताशी १२ ने चढायला २५० वॉट लागतात. शंभर तुमचे, उरलेले दीडशे मोटरचे. पुलावरच्या समोरच्या वाऱ्यालाही हाच हिशोब थोड्याफार फरकाने लागू पडतो.

मी मुलीच्या गाडीला पेडलपाशी मोटर बसवली. चढावर तिचा फायदा असा की मोटरचा जोर चेनमधून मागच्या गिअर-हबला (चाकाच्या मधोमध असलेल्या गिअरच्या डब्याला) जातो. पहिला गिअर टाकला की गाडी हळू चालली तरी मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरते. चाकातली मोटर हळू फिरली की वीज बरीचशी उष्णतेत जाते आणि मोटर तापते. मात्र गिअर बदलताना क्षणभर पेडल सोडायची सवय लावा, नाहीतर हबचे दाते जातील. गिअर बदलताना मोटर क्षणभर बंद करणारा सेन्सर मिळतो, तो घ्याच. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विचही हवा. स्वस्त संच पेडल फिरतंय एवढंच ओळखतात, त्यामुळे पाय थांबल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते. सिग्नलपाशी तो क्षण फार मोठा असतो. परवडलं तर पायाचा जोर मोजणारा सेन्सर असलेली मोटर बघा, चढावर मुलांना घेऊन सुरुवात करताना ती जास्त भरवशाची वाटते.

बसवण्याआधी तुमच्या गाडीच्या बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलचा आस जिथे बसतो ती, नळी मोजा. ६८ मिलिमीटर आणि आट्यांची असेल तर बहुतेक संच बसतात. चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, हे लिहून ठेवा. मी अर्धा तास चुकीच्या दिशेने जोर लावत बसलो होतो. क्रँक (पेडलचा दांडा) काढायचं हत्यार वेगळं लागतं, हातोड्याने ठोकू नका. आणि स्टँड पाडून बघा, मोटर खाली लोंबते, तिला स्टँड अडतो का.

सगळ्यात आधी मात्र फ्रेम. जोड, पेटीखालची नळी, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचं मूळ पुसून दिवसाउजेडी बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या एनव्हीडब्ल्यूए या सरकारी यंत्रणेने बाब्बू (Babboe) कंपनीच्या बाकफीट्सची विक्री थांबवायला लावली होती, कारण फ्रेम तुटत होत्या. जुन्या फ्रेमवर मोटरचा ताण टाकताना हे डोळ्यांसमोर असू द्या.

---

उट्रेख्त, ३ जून

काकांचं सगळं पटलं. ब्रेकचं मी सांगते, कारण ते माझ्यावर बेतलं होतं.

मी पुढच्या चाकात मोटर बसवली. तासाभराचं काम, जुनं चाक काढलं, नवं लावलं. पण जुन्या चाकाच्या हबवर रोलर ब्रेक होता, तो चाकाबरोबर गेला. नव्या मोटरवर डिस्क लागते, आणि माझ्या चिमट्याला डिस्क ब्रेकची जागाच नव्हती. "दोन दिवसांनी बघू" म्हणून मी मागच्या एका ब्रेकवर निघाले. दाफ्ने स्किपर्स पुलावरून खाली येताना, शाळेच्या छतावरून जो गोल उतार आहे तिथे, पावसात गाडी थांबेना. पेटीत मुलगा होता. पाय घासत कठड्याला टेकून थांबले. काही झालं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर डिस्क ब्रेकची जागा असलेला पोलादी चिमटा घेतला, आणि एक्सल उलटा फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म (एक्सलला चिमट्याशी जखडणाऱ्या पट्ट्या) लावले. नुसत्या नटांवर विसंबू नका. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा एक्सल तेवढ्याच जोराने मागे फिरू पाहतो, आणि ॲल्युमिनियमच्या चिमट्याला तो भार झेपत नाही. हा सगळा खर्च धरला तर पेडलपाशी बसवण्याइतकाच पडला, आणि तिथे बसवली तर दोन्ही ब्रेक जागच्या जागी राहिले असते. माझ्या मते ताईंनी पेडलपाशीच बसवावी.

---

डेल्फ्ट, ३ जून

जुलैत पुण्याला जातोय. बॅटरी तिकडून स्वस्तात मिळाली तर येताना आणू का? सामानाला जागा आहे.

---

आइंडहोव्हन, ३ जून

आणू नका. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी. सायकलची ३६ व्होल्ट, १३ अँपिअर-तासांची बॅटरी ४६८ वॉट-तास भरते.

बॅटरी इथल्याच दुकानातून घ्या आणि तिचाच चार्जर वापरा. गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, म्हणून थंडीत घरात आणून थोडी कोमट होऊ द्या आणि मग लावा. पण जिन्यात किंवा दारापाशी चार्जिंगला ठेवू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

---

लेंट (नायमेखन), २४ ऑगस्ट

मंडळी, काका, उट्रेख्तच्या ताई,

झालं! पेडलपाशी, २५० वॉट, जोर मोजणारा सेन्सर, बॅटरी पेटीच्या मागे. फ्रेम आणि ब्रेक आधी दुकानात तपासून घेतले. पुढच्या रोलर ब्रेकमधलं ग्रीस पार वाळलं होतं. त्याचं खास ग्रीस भरल्यावर ब्रेक असा धरतो की आधी मी कशावर चालवत होते याची आता भीती वाटते. चेनकेस मोटरला अडली, ती काढून अर्धं कव्हर लावलं, त्यामुळे पावसात चेनला तेल जास्त वेळा लागतं. उलटे आटे लक्षात होते, तरी बॉटम ब्रॅकेट गंजून बसला होता. तेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी सुटला.

जाऊन-येऊन चौदा किलोमीटर होतात. दोन दिवसांनी बॅटरीची एक काडी उरते. म्हणजे काकांच्या ४६८ वॉट-तासांच्या हिशोबाने किलोमीटरला साधारण चौदा-पंधरा वॉट-तास. हिवाळ्यात रोज चार्ज करावी लागेल असं धरून चालले आहे. चढावर अजूनही घाम येतो, पण आता उतरत नाही. लेक पेटीतून मागे वळून बघत होती, मी ढकलायला कधी उतरते याची वाट बघत. वर पोचल्यावर म्हणाली, "संपला चढ?"

क्रँक काढायचं हत्यार आणि बॉटम ब्रॅकेटचा पाना माझ्याकडे आहे. कुणाला हवा असेल तर सांगा, मंडळाच्या गणपतीला येताना घेऊन येते.