पक्षाघातानंतरची उदासी आणि मेंदूतला दाह : स्त्री-पुरुषांत फरक का?

वैदेही :
आठ महिन्यांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला. हात बराच सुधारला आहे, स्वतःची वेणी ती स्वतः घालते. पण वेणी घालून झाली की फणी हातात तशीच धरून अर्धा-अर्धा तास बसून राहते. तीन वर्षांपूर्वी वडिलांनाही असाच झटका आला होता. ते चिडचिडे झाले, पण असे विझले नाहीत. भेटायला येणारे तिला मन खंबीर करायला सांगतात आणि ती आणखी मिटून जाते. झटक्यानंतर मेंदूत होणारा दाह स्त्रियांत वेगळा असतो असे वाचले. आईच्या उदासीचा त्याच्याशी खरोखर संबंध असेल का?

अनिरुद्ध :
मी याच विषयावरील प्राण्यांवरच्या प्रयोगांत काम करतो, म्हणून लिहितो. रक्तपुरवठा तुटला की मेंदूतील मायक्रोग्लिया या रक्षक पेशी जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखे दाहकारक रेणू सोडतात. मृत पेशींचा कचरा उपसण्यासाठी हा दाह लागतोच. तो लांबला, तर मात्र अन्नातून मिळणाऱ्या ज्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन तयार व्हायचे, ते कायन्युरेनिन या दुसऱ्याच रसायनाच्या मार्गाला वळते, आणि दाह व उदासी यांना जोडणारा एक दुवा इथे असावा असे मानले जाते.

स्त्री-पुरुषांतला फरक पेशींच्या मरण्यातही दिसतो. नरांत पार्प-१ या विकराचा (एन्झाइमचा) मार्ग अधिक चालतो, माद्यांत कॅस्पेज नावाच्या विकरांचा. मिनोसायक्लिन हे दाहशामक औषध नर उंदरांचा मेंदू वाचवते, पण माद्यांत त्याचा तसा लाभ दिसला नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दाहाला आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर ते संरक्षण ओसरते आणि स्त्रियांना पक्षाघात सहसा त्यानंतरच्या वयातच होतो. म्हणून बाहेरून इस्ट्रोजेन द्यावे, असा निष्कर्ष मात्र काढू नये : अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवर चाललेली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या संप्रेरकांची मोठी चाचणी 2002 मध्ये थांबवावी लागली आणि तीत पक्षाघाताचा धोका वाढलेला आढळला.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. आमची बहुतेक माहिती तरुण नर उंदरांवरून आलेली आहे. उदासी मोजण्यासाठी उंदरापुढे साखरेच्या पाण्याची आणि साध्या पाण्याची अशा दोन बाटल्या ठेवतात; गोडाची ओढ कमी झाली, तर आनंद घेण्याची क्षमता घटली असे धरतात. वयस्क मादीपुढे या बाटल्या फारच क्वचित ठेवल्या गेल्या, आणि रुग्णालयात आपल्यासमोर असते ती मात्र वयस्क स्त्री.

डॉ. मृणाल :
वैदेहीताई, पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी नैराश्य येते आणि बऱ्याच पाहण्यांत स्त्रियांतले प्रमाण जास्त आढळते. त्याला एकटा दाह कारणीभूत नाही. झटका येतो तेव्हा स्त्रियांचे वय सरासरीने अधिक असते, पुढे परावलंबन अधिक राहते आणि पुष्कळजणी तेव्हा एकट्याही असतात. पुरुषांचे नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते आणि नजरेतून निसटते, त्यामुळे वडिलांना ते नव्हतेच, असे ठामपणे म्हणता येणार नाही.

आईंच्या बाबतीत ही नुसती निरिच्छता आहे की नैराश्य, हे तपासून घ्या. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या चाचणीला पाच-दहा मिनिटे पुरतात. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचा विषय निघाला, तर हाडांचा प्रश्न जरूर विचारा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील या गोळीच्या फोकस नावाच्या चाचणीत पक्षाघाताचे 3127 रुग्ण होते. त्या गोळीने नवे नैराश्य कमी झाले, पण हालचालींतील सुधारणा वाढली नाही आणि अस्थिभंग वाढले. रजोनिवृत्तीनंतर हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात, म्हणून आईंसाठी हा मुद्दा किरकोळ नाही.

वैदेही :
दोघांचेही मनापासून आभार. पुढच्या तपासणीला जाताना नऊ प्रश्नांची चाचणी आणि हाडांची घनता, दोन्ही गोष्टी कागदावर लिहून नेणार आहे. काल आईला एवढेच सांगितले, की हा तुझ्या मनाचा कमकुवतपणा नाही, झटक्याने मेंदूत जे झाले त्याचाच हाही एक भाग असू शकतो. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “हे आधी कुणी सांगितलं नाही गं.”