स्थानिक फुटबॉल स्पर्धेतील पंचगिरी सुधारण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी भुसावळचा असून गेली काही वर्षे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा एक हौशी संघ सांभाळतो. ज्यांनी पंचगिरी केली आहे किंवा स्पर्धा भरवल्या आहेत, त्यांच्याकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातील एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आमच्या मुलाने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली आला, गोलरेषेच्या आत आपटला आणि बाहेर उसळला. फक्कीच्या रेषेपासून वीतभर आत, भुसभुशीत मातीत उमटलेला त्याचा गोल ठसा मी स्वतः पाहिला. पंच त्या वेळी मैदानाच्या मध्यावर होते, लाइन्समन नेमलेलेच नव्हते आणि सकाळपासूनचा तो त्यांचा चौथा सामना होता. ‘बॉल आत गेला ना भो!’ असे प्रेक्षक ओरडत होते, तो मुलगा ठशाकडे बोट दाखवत उभा होता. पण पंच तिथवर येईपर्यंत दहा-बारा बूट त्या मातीवरून फिरले होते. गोल दिला गेला नाही आणि आम्ही एका गोलने हरलो.

माझा राग त्या पंचांवर नाही. खान्देशातल्या मे महिन्यात, सावली नसलेल्या मैदानावर एकाच माणसाला चार सामने पळवायचे आणि चुकले की शिव्या त्यालाच द्यायच्या, हा अन्याय आहे. राग आहे तो सुधारणेला मिळालेल्या नकाराचा. दोन लाइन्समन असावेत, एका पंचाकडे दिवसाला दोनच सामने असावेत आणि सहभागी संघांशी संबंधित व्यक्तीने त्या संघाच्या सामन्यात पंच होऊ नये, एवढेच मी आयोजकांना सुचवले. त्यावर ‘पंचाचा निर्णय अंतिम असतो, नियमातच तसे आहे’ असे उत्तर मिळाले.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. खेळाच्या पाचव्या नियमात पंचाचा निर्णय अंतिम मानला आहे, हे मान्य. परंतु खेळ पुन्हा सुरू झालेला नसेल तर स्वतःची चूक लक्षात आल्यावर किंवा सहायक पंचाच्या, म्हणजेच लाइन्समनच्या, सल्ल्याने निर्णय बदलता येतो, हेही त्याच नियमात आहे. सहायकच नेमला नाही, तर सल्ला देणार कोण?

सुधारणेला असा विरोध वरच्या पातळीवरही झालेला आहे. मार्च २०१० मध्ये नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने गोलरेषा तंत्रज्ञान, म्हणजे चेंडूने रेषा ओलांडली का हे पंचाला सांगणारे यंत्र, नाकारले आणि त्याच वर्षी जूनमध्ये, विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या स्पष्ट आत पडूनही गोल मिळाला नाही. २०१२ साली त्याच मंडळाने ते तंत्रज्ञान मान्य केले आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरले गेले. मात्र नुसते यंत्र आणून भागत नाही, हेही मला कळते. सप्टेंबर २०२३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा वैध गोल, व्हिडिओ पंचांना पडद्यावर सगळे दिसत असूनही, पंचांमधील संवादाच्या गोंधळामुळे नाकारलेलाच राहिला.

आता माझ्या शंका. तालुका पातळीवर तटस्थ लाइन्समन कसे मिळवावेत आणि त्यांचे मानधन प्रवेश शुल्कातून भागवणे जमते का? आमच्या मुलांपैकी दोघांना पंच व्हायचे आहे. त्यांनी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या (महाराष्ट्राच्या फुटबॉल संघटनेच्या) परीक्षेची तयारी कुठून सुरू करावी? तिसरी शंका सर्वांत अवघड आहे. मान्यताप्राप्त व्हिडिओ पद्धत नसेल तर पंचाने सामन्यात चित्रीकरण पाहून निर्णय देऊ नये, असा नियम आहे. मग गोलामागे ठेवलेल्या मोबाइलमधले चित्रीकरण किमान सामन्यानंतर पंचांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची तरतूद कोणी आपल्या स्पर्धेत केली आहे का, आणि त्याला पंचांची हरकत आली का?

पुढच्या महिन्यात आयोजकांची बैठक आहे. कोणाकडे अशा नियमांचा लेखी मसुदा असल्यास कृपया इथे द्यावा. तो मराठीत असेल तर फारच बरे, कारण बैठकीत मला तो मोठ्याने वाचून दाखवायचा आहे.