अनुभव धागा: टॉम हँक्सची कोणती भूमिका तुमचा पिच्छा सोडत नाही?

मंडळी, टॉम हँक्सचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी ऑस्करवर जाते. १९९३चा 'फिलाडेल्फिया', १९९४चा 'फॉरेस्ट गम्प', लागोपाठ दोनदा सर्वोत्कृष्ट अभिनेता, त्याआधी हे फक्त स्पेन्सर ट्रेसीला जमलं होतं वगैरे. सगळ्यांना पाठ आहे. इथे ते नको. एक भूमिका घ्या, तिच्यातली एकच जागा सांगा आणि ती तुम्हालाच का लागली ते लिहा. घरातलं, धंद्यातलं काही आलं तर फारच छान. अट एकच: फॉरेस्ट गम्पवर कुणी लिहायचं नाही. त्याच्यावर लिहून लिहून चोथा झालाय.

चिवडाप्रेमी, नाशिक

'कास्ट अवे' (२०००). आमच्याकडे केबलवर लागला होता. विमान समुद्रात पडून हा बेटाला लागला, आणि थोड्या वेळाने बाबा रिमोट घेऊन आवाज वाढवायला लागले. त्यांना वाटलं टीव्ही गेला. बेटावरच्या भागात पार्श्वसंगीतच नाही! लाटा, वारा, नारळ पडल्याचा धप्प आवाज, बस. तो तराफ्यावरून बेट सोडतो तेव्हा कुठे संगीत सुरू होतं. तोवर अख्खा पडदा एकट्याने पेलायचा, आणि बोलायला समोर एक व्हॉलीबॉल. मध्ये साधारण वर्षभर शूटिंग बंद ठेवलं होतं, हँक्सला वजन उतरवायला आणि दाढी वाढवायला. तेवढ्यात दिग्दर्शक झेमेकिसने त्याच युनिटला घेऊन दुसरा सिनेमा उरकला.

पण माझी जागा बेटावरची नाही. सुटका झाल्यावर त्याच्यासाठी पार्टी होते. लोक पांगतात, टेबलावर खेकडे तसेच उरलेले. तो एक नांगी उचलून बघतो, ठेवून देतो. मग लायटर उचलतो. पेटवतो, विझवतो, परत पेटवतो. बेटावर एका ठिणगीपायी हाताची सालटी निघाली होती! चेहऱ्यावर ना राग, ना हसू. आई पोळ्या करता करता म्हणाली, "ह्याला आता माणसांत राहणं जड जाणार." आईने सिनेमा धड पाहिलाही नव्हता.

डेकवरून

मी मर्चंट नेव्हीतला, मूळचा रत्नागिरीकडचा. 'कॅप्टन फिलिप्स' (२०१३) मी सुट्टीवर असताना घरी पाहिला, आणि बायकोने मला तो पाहताना पाहिलं.

सोमाली चाच्यांचा जोर होता त्या काळात एडनच्या आखातातून जायचं म्हणजे तयारी असायची. कठड्यांना काटेरी तारा, बाहेर तोंड करून बांधलेले पाण्याचे होज, बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून उभी केलेली बुजगावणी, ब्रिजवर जादा लुकआउट. रडारवर एखादा ठिपका वेगात येताना दिसला की गप्पा बंद. बहुतेक वेळा मासेमारीची होडी निघायची. 'मर्स्क अलाबामा'वर एप्रिल २००९ मध्ये मासेमारीची होडी निघाली नाही, त्याचा हा सिनेमा.

सुरुवातीला हँक्स डेकवर एक फेरी मारतो. उघडं राहिलेलं काही दिसलं की तिथल्या तिथे सांगतो, ओरडत नाही. कॉफी पीत बसलेल्यांना वेळ संपल्याची आठवण देतो. असे कॅप्टन मी पाहिलेत. क्रूला ते आवडत नाहीत, आणि वादळात सगळ्यांना तेच हवे असतात. हे त्याला कुणी शिकवलं देव जाणे, पण चाल अगदी तीच आहे. चाचे ब्रिजवर घुसतात त्या प्रसंगापर्यंत हँक्स आणि चाच्यांचा म्होरक्या झालेला बर्खद अब्दी यांची गाठच पडू दिली नव्हती. ते दचकणं बरंचसं खरं आहे.

आता शेवट. सुटकेनंतर त्याला नौदलाच्या जहाजावर तपासतात. तपासणारी बाई अभिनेत्री नाही, नौदलातलीच वैद्यकीय कर्मचारी आहे, आणि प्रसंग ऐनवेळी रचलेला. ती रोजच्या कामाच्या सुरात विचारते: कुठे दुखतंय, हे रक्त कुठलं. तो उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि वाक्य पुढे सरकतच नाही. दात वाजतात. सिनेमाभर ज्याने आवाज चढू दिला नाही, त्याला साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याला चाच्यांनी काही महिने ओलीस ठेवलं होतं. सुटून आला, गणपतीला गावी आला, लोकांनी "खायला काय देत होते?" विचारलं तर व्यवस्थित सांगायचा. नंतर एकदा बँकेत फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्याशी थांबला आणि ढसाढसा रडला. त्या कॅशियर बाईंना काही कळेना. म्हणून सांगतो, ती पाच मिनिटं कुणाला भडक वाटत असतील तर वाटू देत. त्या वर्षी ऑस्करला अब्दीला नामांकन मिळालं, हँक्सला तेही नाही.

विरोधी बाक

सगळे गहिवरलात, म्हणून थोडं थंड पाणी. हा माणूस कायम सज्जन. 'रोड टू पर्डिशन' (२००२) मध्ये मारेकरी झाला, तर तिथेही मुलाला जपणारा बाप! पावसातला तो गोळीबार सगळ्यांनी डोक्यावर घेतलाय. बंदुकांचा आवाज नाही, नुसते जाळ दिसतात. सुंदरच आहे, पण तो प्रसंग सहकलाकार पॉल न्यूमनच्या चेहऱ्याचा आणि छायालेखक कॉनराड हॉलचा. हँक्स अंधारातून बाहेर येतो, एवढंच त्याचं काम. आणि 'एल्विस' (२०२२)? चेहऱ्यावर रबर चढवून, कुठलातरी हेल काढून गायक एल्विसचा मॅनेजर कर्नल पार्कर केला. त्याबद्दल रॅझी, म्हणजे वाईट कामाचा टिंगल पुरस्कार मिळाला, वाजवी मिळाला. खलनायक करायची वेळ आली की गडी मेकअपमागे दडतो.

खडू-फळा

विरोधी बाकांनी रॅझीपर्यंत मजल मारली, छान. पण सज्जन माणूस पडद्यावर कंटाळवाणा होऊ न देणं सोपं नसतं. मी बार्शीकडे शाळेत शिकवतो, माझं मत 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'ला (१९९८).

हँक्सचा कॅप्टन मिलर लढाईआधी कोण होता यावर तुकडीत पैजा लागलेल्या आहेत. पकडलेल्या जर्मनाला तो सोडून देतो, त्यावरून माणसं पेटतात, एक जण निघून जायला लागतो, सार्जंट त्याच्यावर पिस्तूल रोखतो. आणि मिलर काय विचारतो? पैजेची रक्कम कितीवर गेली! मग सांगून टाकतो की मी शाळामास्तर, इंग्रजी शिकवतो.

वर्गात दोन दांडगी पोरं एकमेकांच्या गळ्याला गेली की ओरडणारा मास्तर हरतो. आवाज खाली आणायचा, भलतंच काहीतरी विचारायचं. "अरे, डबा कुणी आणला नाही आज?" पोरं बावचळतात, मुठी सुटतात. हे आम्ही बीएडला शिकत नाही, मार खाऊन शिकतो. हँक्स ते वाक्य इतकं सपाट बोलतो की मला आमच्या स्टाफरूममधलाच कुणी वाटला. त्याचा उजवा हात सिनेमाभर थरथरतो, किनाऱ्याकडे जाणाऱ्या होडीत पहिल्यांदा दिसतो, त्याचं कौतुक झालंय. मला हा सपाट आवाज मोठा वाटतो.

अट मोडणारी

धागाकर्ते, माफ करा, मी बुद्धीने मागे राहिलेल्या फॉरेस्टवरच लिहिणार. माझा मुलगा विशेष मुलांच्या शाळेत जातो.

सिनेमा मला पुष्कळ ठिकाणी खटकतो. धावला की जिंकला, टेबल टेनिसची बॅट धरली की चीनला गेला, कोळंबीत पैसा. आमच्या घरी शर्टचं वरचं बटण लावता आलं त्या दिवशी शिरा केला होता. असो. त्याची बालमैत्रीण जेनी त्याला सांगते की हा मुलगा तुझा आहे, तेव्हा हँक्स मागे सरकतो. मग विचारतो, तो हुशार आहे का, की... आणि हात स्वतःकडे नेतो. वाक्य पुरं करत नाही. म्हणजे जन्मभर लोक काय म्हणतात ते हसतमुखाने ऐकणाऱ्या या माणसाला सगळं कळत होतं!

दुसऱ्या वेळी सोनोग्राफीच्या खोलीत मी डॉक्टरांना विचारलेला प्रश्नही अर्धाच होता. त्यांना कळला.

याच सिनेमाचा हिंदी अवतार 'लालसिंग चढ्ढा' (२०२२), त्याची पटकथा आपल्या अतुल कुलकर्णींची, म्हणून तोही थिएटरात जाऊन पाहिला. चांगला आहे. पण मी त्या प्रसंगाची वाट बघत बसले होते, आणि वाट बघितली की असलं काही लागत नाही.

धागाकर्ता

अट मागे घेतली. पुढचे येऊ द्या.

न्यू जर्सीवाली

'द टर्मिनल' (२००४). सिनेमा उत्तरार्धात ढेपाळतो, ती एअर होस्टेसची प्रेमकथा नसती तरी चाललं असतं. पण सुरुवातीला हँक्सच्या व्हिक्टरला विमानतळावरच्या टीव्हीवर आपल्या देशात बंड झालेलं दिसतं. इंग्रजी कळत नाही, तो एका पडद्यावरून दुसऱ्याकडे धावतो, बातमी तोवर बदललेली. माझ्या सासूबाई पहिल्यांदा एकट्या आल्या तेव्हा त्यांचं पुढचं विमान चुकलं होतं. भेटल्यावर म्हणाल्या, "सगळे चांगले वागले गं, पण कुणी काय सांगितलं ते नाही कळलं." हँक्सने नेमकं तेवढंच केलंय. ओल्या फरशीवर घसरणाऱ्यांची मजा बघणारा झाडूवाला गुप्ता करणारे कुमार पल्लाना मूळचे इंदूरचे. सासूबाईंना सिनेमात सगळ्यात जास्त तेच आवडले.

रात्रपाळी

घाईत लिहितोय. माझ्या भाचीला टॉम हँक्स कोण ते माहीत नाही, 'टॉय स्टोरी' या कार्टूनपटातला वुडी मात्र ती पार झिजेपर्यंत बघते. तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की वुडीचा आवाज म्हणजे हा हँक्सकाका. मग कळलं की बोलक्या खेळण्यांत आणि व्हिडिओ गेममध्ये बहुतेक वेळा त्याचा धाकटा भाऊ जिम बोलतो, कारण आवाज जवळपास सारखा आहे. तिला हे सांगितलं तर म्हणते, "मग भावाचा सिनेमा लाव."