कंपनीला ओटीबद्दल (ओव्हरटाइम, जादा काम) लेखी तक्रार द्यायचीये, कशी लिहू?

अंबडचा_ऑपरेटर
नमस्कार मंडळी, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, परमनंट. दिवाळीपासून ओटी भरपूर लावतात पण पैसे सिंगल रेटनेच येतात. सुपरवायझर म्हणतो एचआरला विचार, एचआर म्हणतं सुपरवायझरकडून लिहून आण. आता लेखीच द्यायचं ठरवलंय पण लिहायला बसलं की सगळा रागच कागदावर उतरतो आणि दोन पानं भरतात. मराठीत चालेल का? घराचे हप्ते चालू आहेत, नोकरीवर गदा यायला नको.

सातपूरकर
मराठीत बिनधास्त लिही भाऊ. पण एकाच पानात. वर तारीख, टोकन नंबर, खातं. विषय: 'जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळणेबाबत'. खाली महिनावार लिही, किती तास ओटी झाला, किती पैसे मिळाले, किती मिळायला हवे होते, बस. अन्याय, पिळवणूक असले शब्द काढून टाक, नाहीतर ते त्या शब्दांवरच वाद घालत बसतात आणि तासांचा हिशोब राहतो बाजूला. कायद्याची एक ओळ टाक, ठरलेल्या तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर; नोव्हेंबर २०२५ पर्यंत हे कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५९ मध्ये होतं. त्याच्या जागी आलेल्या नवीन कामगार संहितेतही दुप्पटच आहे. शेवटी मागणी स्पष्ट हवी, फरकाची रक्कम द्या आणि १५ दिवसांत लेखी उत्तर द्या.

पेरोलवाली_ताई
मी पेरोलला (पगार विभागात) काम करते म्हणून सांगते, पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊच नका दादा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख, सही. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, शिवाय ईमेलही करा. पगार स्लिपच्या झेरॉक्सच जोडा, ओरिजनल कोणाच्या हातात देऊ नका.

अंबडचा_ऑपरेटर
ताई, हजेरीच्या पंचिंगचा रिपोर्ट मागितला तर देत नाहीत. आणि खात्यातले बाकीचे म्हणतात एकत्र सह्या करून देऊ.

पेरोलवाली_ताई
मग अर्जातच लिहा की अमुक महिन्यांच्या हजेरीची प्रत मिळावी. रोजचे इन-आउट आजपासून वहीत टिपायला लागा.

सातपूरकर
सह्यांचं म्हणशील तर प्रत्येकाचे तास वेगळे, म्हणून हिशोबाचा अर्ज ज्याचा त्याने द्यावा, पण सगळ्यांनी एकाच दिवशी द्या, म्हणजे एकट्यावर नजर राहत नाही आणि नोकरीची भीतीही जरा कमी होते. २० किंवा जास्त कामगार असतील तर कंपनीत तक्रार निवारण समिती असायलाच पाहिजे, त्यात कामगारांचे आणि मालकाचे प्रतिनिधी सारखेच असतात. एक प्रत समितीला दे. तिथून काही झालं नाही तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जाता येतं, तिथे जाताना हीच पोच लागणार आहे.

अंबडचा_ऑपरेटर
समिती आहे का ते आज सेकंड शिफ्टच्या पोरांना विचारतो. मसुदा झाला की नाव काढून इथे टाकतो, बघून द्या.