विषय: अंबाजोगाईचं शिबिर, पैसे अडलेत

खजिनदार:
मंडळी, मुलांच्या नाट्यशिबिरासाठी जमवलेले पैसे अजून मंडळाच्याच खात्यात आहेत. अंबाजोगाईच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी नाही, आणि मंडळ इकडे परदेशात नोंदलेलं म्हणून आपण कायद्याने परकीय. नोंदणी असती तरी रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच उतरवावी लागली असती. शिबिर ५ मेला सुरू होतंय. काय करायचं ते सांगा. गणपतीचा हिशेब इथे काढू नका, प्लीज.

लातूरकर:
वाचनालयाला दिले तेव्हा पुण्याच्या ट्रस्टमार्फत गेले होते की. तसेच पाठवा.

खजिनदार:
ते २०२० च्या आधीचं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही परदेशातून आलेला पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही.

नाट्यसमिती:
शिबिराचा विषय आमच्याकडे असताना पत्रव्यवहार परस्पर युवा समितीने का केला? एवढंच विचारायचं होतं.

जालन्याची ताई:
तो वाद पिकनिकला घाला. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ती परकीय देणगी धरत नाहीत. ज्यांनी इकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआयवाले, त्यांचे मात्र चालत नाहीत. म्हणजे अर्धी कार्यकारिणी बाद! आणि 'माझे तुझ्या नावावर टाक' असलं काही करू नका, तेही अंगाशी येईल.

परभणीकर:
मुळात मे महिना कुणी काढला? आमच्याकडे तेव्हा पारा ४३-४४ ला टेकतो. पोरं नाटक शिकणार का भाजून निघणार? दिवाळीच्या सुट्टीत घ्या.

शिबिराचे सर, अंबाजोगाई:
दादा, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. धारूर, केज, वडवणीकडची बरीच पोरं आईबापासंगं फडावर जातात, ती मार्च-एप्रिलात परत येतात. त्यांना गाठायचं तर मे. सकाळी साडेसहा ते दहा घेतो, दुपारी सुट्टी. लग्नसराईत मंगल कार्यालय मिळत नाही, म्हणून शाळेचा हॉल. पोरं लिहून आणत नाहीत, आधी बोलून दाखवतात, मग त्याचंच नाटक बसतं. मागच्या साली सातवीतली एक पोरगी फडावरल्या कोपीपर्यंत, म्हंजे झोपडीपर्यंत, पाणी कसं आणायचं एवढंच बोलली. डोक्यावर घागर नव्हतीच, पण ती वळली की पुढची रांग पाय आखडून घ्यायची, सांडंल म्हणून.

लातूरकर:
छान. पण व्हिडिओ करणार असाल तर भाषा जरा प्रमाण ठेवा, आमच्या मुलांना कळत नाही.

जालन्याची ताई:
पैठणला नाथांनी भारुडं कुणाची भाषा तपासून रचली होती? तुमच्या मुलांना न कळायला काय झालं, घरी तुम्ही इंग्रजीत बोलता.

लातूरकर:
वैयक्तिक जाऊ नये.

नाट्यसमिती:
जिगीषा नाट्यसंस्था औरंगाबादेत उभी राहिली ती परदेशातल्या मंडळाच्या चेकवर नव्हे. पैशापेक्षा मार्गदर्शन द्या. आमच्यातले दोघे ऑनलाइन सत्र घ्यायला तयार आहेत.

शिबिराचे सर, अंबाजोगाई:
सत्राला हरकत नाही, पण सकाळी रेंज मिळेल याची खात्री देत नाही. आमची अडचण जीपच्या भाड्याची आणि पोरांच्या नाश्त्याची आहे.

खजिनदार:
ठीक. भारतीय पासपोर्टवाल्यांनी भारतातल्या आपापल्या अनिवासी (एनआरई किंवा एनआरओ) खात्यातून थेट संस्थेच्या खात्यावर टाकावेत, पासपोर्टची प्रत संस्थेला द्यावी आणि पावती स्वतःच्याच नावाने घ्यावी. मंडळाचं नाव पावतीवरही नको आणि शिबिराच्या बॅनरवरही नको. मंडळाकडे जमलेले ज्याचे त्याला परत करतोय.

नाट्यसमिती:
बॅनरवर नाव नको हे कुणी ठरवलं? बैठक झाली का?

परभणीकर:
हॉलला कूलर आहे का, ते अजून कुणी सांगितलं नाही.