मुलांना हाताची कामं घरी कशी शिकवावीत?

नीलपंख:

नमस्कार मंडळी. मुलगी सात वर्षांची, मुलगा अकराचा. दोघांनाही हाताने काहीतरी करत बसायची हौस आहे. भेट म्हणून आलेले 'स्वतः बनवा'वाले संच ते एका बैठकीत संपवतात आणि ती वस्तू कपाटावर जाऊन बसते. भाग आधीच कापलेले, भोकं आधीच पाडलेली, मुलांना फक्त जोडायचं असतं.

मला त्यांना कामाला येईल असं काही शिकवायचंय. शर्टाचं बटण तुटलं तर लावता यावं, खुर्ची डुगडुगायला लागली तर कुठला स्क्रू ढिला झालाय ते शोधता यावं, टॉर्च बंद पडला तर उघडून बघावासा वाटावा. सुरुवात कुठून करावी? आणि शिकवताना आपण किती मध्ये पडायचं? खऱ्या सुया, करवत, हातोडी हातात द्यावी का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शेवंती:

खरी हत्यारं द्या, मुलांच्या मापाची. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तिथे मुलांसाठी छोट्या खुर्च्या-टेबलं होती, आणि भांडी पडली तर फुटतील अशी. वस्तू जपून धरायची हे त्या वस्तूकडूनच कळतं. बटणं, हुक, नाड्या लावायच्या सरावासाठी त्यांच्याकडे कापड ताणलेल्या लाकडी चौकटी असत. तुमची मुलं त्या वयाच्या पुढे गेली आहेत, त्यामुळे चौकट कशाला, घरातले कपडेच घ्या.

रंधा:

मी मुलांना लाकूडकाम आणि शिवण दोन्ही शिकवते. या विषयावर फार जीव आहे, म्हणून लांब लिहितेय.

सुरुवात मोडलेल्या वस्तूंपासून करा. एका टोपलीत घरातल्या दुरुस्तीच्या वस्तू साठवत जा: तुटलेलं बटण आणि त्याचा शर्ट, उसवलेली पिशवी, निघालेली मूठ, बंद टॉर्च. शनिवारी-रविवारी मुलांनी त्यातलं आपल्या आवडीचं काम उचलायचं. काम झाल्यावर ती वस्तू कुणीतरी वापरणार असते, आणि मूल त्यासाठी जेवढी मेहनत घेतं तेवढी संचासाठी घेत नाही. ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांनी आणि स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी शाळेत हस्तकाम आणलं, त्याला 'स्लॉइड' म्हणतात. मुलांनी तिथे शोभेच्या वस्तू करायच्या नाहीत, घरात वापरता येईल असंच काही करायचं, असा दंडक होता. लाकूडकामात पहिलं हत्यार म्हणून सुरी देत. माझ्या मते हा दंडक आजही जसाच्या तसा पाळावा.

आता बटण. शिकवण्याचा क्रम उलटा ठेवा. पहिल्या बटणाला सगळं तुम्ही करा, मुलीने फक्त शेवटचे वेढे घालायचे, गाठ मारायची, दोरा कापायचा. पुढच्या बटणाला टाकेही तिचे. सुई ओवणं आणि पहिली गाठ सर्वांत शेवटी, कारण तिथेच मुलं वैतागतात. अशाने प्रत्येक वेळी काम पुरं होतं ते तिच्या हातून. सुरुवातच सुई ओवण्यापासून केली तर बरीच मुलं बटणापर्यंत पोचतच नाहीत.

दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या दुप्पट घ्या, त्याहून लांब घेतला की गुंता ठरलेला. टोक तिरकं कापलं तर नेढ्यातून सहज जातं. टाके घालताना बटणावर एक आगकाडी आडवी ठेवा आणि टाके तिच्यावरून घ्या. मग काडी ओढून काढा, बटण वर उचला, आणि बटण व कापड यांच्यामध्ये जो ढिला दोरा राहतो त्याला चार-पाच वेढे घाला. ही छोटी मान नसेल तर काजाच्या जाड पट्टीला जागाच उरत नाही, कापड ओढलं जातं आणि बटण पुन्हा तुटतं. मुलांना हे कारण जरूर सांगा. 'असंच करायचं असतं' म्हटलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही.

तुम्ही किती मध्ये पडायचं, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. मुलीच्या शेजारी बसा, समोर नको. समोरून तिला तुमचे हात उलटे दिसतात. एकदा हळूहळू करून दाखवा आणि दाखवताना बोलू नका, कारण मूल एका वेळी एकतर हाताकडे बघेल किंवा तुमचं ऐकेल. मग सुई तिच्याकडे द्या आणि परत घेऊ नका. अडली तर विचारा, 'दोरा आत्ता कापडाच्या कुठल्या बाजूला आहे?' तिच्या हातून काम काढून घेऊन 'थांब, मी करते' म्हणण्याचा मोह प्रत्येक मोठ्या माणसाला होतो. तसं केलं की मूल एवढंच शिकतं की आपलं काम शेवटी दुसरं कुणीतरी करतं. वाकडं लागलेलं बटणही शर्ट बंद करतं. ते उसवून सरळ करायचं का, हे तिला ठरवू द्या, आणि तिच्या माघारी तर मुळीच सरळ करू नका.

मुलाला खुर्चीपासून सुरुवात करू द्या. आधी दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर आणि एक फालतू फळी द्या. टोक खाचेत पूर्ण बसलं पाहिजे. लहान टोकाने जोर लावला की खाच घासून गोल होते आणि तो स्क्रू पुढे ना आत जात ना बाहेर येत. हे त्या फळीवर एकदा होऊ द्या, म्हणजे खुर्चीवर होणार नाही.

खिळा बोटांनी धरण्याऐवजी कपड्यांच्या चिमट्यात धरायचा. हातोडी दांड्याच्या टोकाकडे धरायची, म्हणजे डोक्याचं वजन कामाला येतं. पातळ पट्टीच्या कडेला खिळा मारला तर ती चिरते. ती चिरली की लगेच कारण सांगू नका, बघू द्या. टोकदार खिळा लाकडाच्या रेषा पाचरीसारखा बाजूला सारतो. तोच खिळा उलटा धरून टोकावर हलका ठोका मारला, टोक बोथट केलं, की तो रेषा चिरडत जातो आणि पट्टी बहुतेक वेळा टिकते. हा उलटा वाटणारा उपाय मुलांना फार आवडतो.

हत्यारं धारदार हवीत. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. अकराच्या मुलाला छोटी करवत चालेल, पण लाकूड शिकंज्यात पक्कं बसवलेलं, डोळ्यांवर चष्मा, आणि मोठं माणूस त्याच खोलीत. शेजारच्या खोलीत असलेलं चालणार नाही.

तांब्याची_तार:

रंधाताईंनी छान लिहिलंय. टॉर्चबद्दल मी भर घालतो, माझं काम विजेचंच आहे.

टॉर्च ही उत्तम सुरुवात, कारण बिघाड तीन-चार जागीच असतो. मुलाला क्रमाने तपासू द्या. सेल उलटे बसलेत का, दुसरे सेल घालून चालतो का, स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर आलाय का, दिवा गेलाय का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे दुरुस्त झाला ते कळत नाही. गळालेला सेल मात्र मोठ्यांनीच काढावा, त्यातला द्रव त्वचेला आणि डोळ्यांना जाळतो.

घरात एक नियम पक्का ठेवा: 1.5 व्होल्टच्या साध्या सेलवर चालणारं सगळं मुलांनी उघडावं, भिंतीतल्या सॉकेटला लागणारं काहीही उघडू नये. प्लग काढलेला असला तरीही. जुना मायक्रोवेव्ह किंवा काचेच्या नळीचा टीव्ही यांच्या आत प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार साठून राहू शकतो.

आणि बटणासारखे चपटे सेल लहान मुलांपासून कुलपात ठेवा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होते. तसा नुसता संशय आला तरी घरी वाट न बघता थेट दवाखान्यात जायचं.

नीलपंख:

तिघांचेही मनापासून आभार. टोपली आजच ठेवली. एक शंका आहे. मुलगी डावखुरी आहे. कात्रीने कापड कापायला गेली की ते पात्यांमध्ये दुमडतं, कापलंच जात नाही. ती म्हणते, 'मला येतच नाही.' उजव्या हाताची सवय लावू का?

रंधा:

अजिबात नको. तिचं काही चुकत नाहीये, कात्री उजव्या हातासाठी केलेली आहे. मूठ दाबताना उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं नकळत पाती एकमेकांवर रेटतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती एकमेकांपासून दूर ढकलतो, मध्ये फट पडते आणि कापड त्या फटीत दुमडतं. शिवाय वरचं पातं नेमकं आखलेल्या रेषेवर येतं, म्हणजे कुठे कापतोय तेही तिला दिसत नाही.

डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. तिच्यात पाती उलटी बसवलेली असतात. दोन्ही हातांना चालणारी म्हणून जी विकतात तिच्यात बऱ्याचदा फक्त मुठी सारख्या असतात, पाती उजवीच. म्हणून घेताना कात्री उघडून, टोकं समोर करून बघा: वर असलेलं पातं डाव्या बाजूला हवं. आणली की आधी तिला जाड कागदावर सरळ रेषा कापू द्या, मग नागमोडी, कापड त्यानंतर. बटण दाखवतानाही एक बदल करा: तिच्या शेजारी न बसता तिच्या समोर बसा. तुम्ही उजवे असाल तर तुमचे हात तिला आरशातल्यासारखे दिसतील, आणि तिला तेच हवंय.