इंदूर की इंदौर? तुम्हाला पडलेले गावनावांचे आणि भूगोलाचे प्रश्न

स्टेशनवर पाटी ‘इंदौर’, घरात मात्र ‘इंदूर’. परवा नातीने विचारलं, “आजोबा, खरं कुठलं?” जुन्या इंदुरातल्या इंद्रेश्वर महादेवावरून नाव पडलं, असं सांगून तिला देवळातच घेऊन गेलो. तुम्हाला असे कोणते प्रश्न पडले? उत्तर कसं मिळालं तेही लिहा.

रामबागेतून
१९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदुरात आलं, तेव्हा आईने नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. पुढे मी भूगोल शिकवायला लागले आणि नकाशा बघताना चमकलेच. आपण माळव्याच्या पठारावर, आपला उतार उत्तरेला. कान्ह नदी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे माझ्या पन्हळीचं पाणी बंगालच्या उपसागराचं! नर्मदा मात्र विंध्याच्या पायथ्याने पश्चिमेला, अरबी समुद्राकडे जाते. तिचं पाणी जलूदहून पंपांनी घाट चढवून आणतात. त्यात आपण भांडी घासतो, आणि मोरीतून ते कान्हेला लागतं. अरबी समुद्राकडे निघालेली नर्मदा आपल्या घरातून गंगेच्या वाटेला लागते. मुलांकडून ही वाट मी दरवर्षी नकाशावर बोटाने गिरवून घ्यायची. कान्हेची आजची दशा पाहून जीव तुटतो. नदीला नाला म्हणायची सवय आपण आधी सोडायला हवी.

महूहून
शाळेत शिकवलेलं, की महू म्हणजे ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’. मी वर्षानुवर्षं तेच सांगत होतो. छावणी १८१८ नंतरची, आणि त्या नावाचं गाव तिच्याही आधीचं, हे फार उशिरा कळलं. बाबासाहेबांचा जन्म इथला. २००३ पासून गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, तरी बसवाला अजून “महू, महू” ओरडतो.

माहेर ग्वाल्हेर, सासर इंदूर
आमच्याकडे पत्त्यात ‘लष्कर’ लिहायचे. लहानपणी वाटे, सैनिक कुठे दिसत नाहीत! १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली तळ दिला, त्याचंच शहर झालं. वाड्याचा ‘बाडा’ झाला. कंपू म्हणजे कवायती फौज, तोही एक मोहल्ला. ढोलीबुवांच्या नावाचा पूल आहे. दुकानदार हिंदीत बोलतो, पण पत्ता सांगताना नकळत मराठी शब्द वापरतो. माहेरी गेले की ते ऐकायला मी मुद्दाम पत्ता विचारते.

तुकोगंजातून
तुकोगंज तुकोजीरावांचं, मल्हारगंज मल्हाररावांचं. एवढंच.

सुदामानगरातून
रामबागेच्या बाईंनी लिहिलेला पाणलोट डोळ्यांनी पाहायचा असेल तर महूजवळच्या जानापाव टेकडीवर जा. चंबळ तिथूनच निघते. वडील आम्हाला पावसाळ्यात न्यायचे. माथ्यावर मावळतीकडे तोंड करून उभं करायचे, दोन्ही हात पसरायला लावायचे आणि म्हणायचे, “उजव्या हाताचं पाणी पाटण्याला, डाव्या हाताचं भरुचला.”